१५० आणि शून्य यांच्या मध्ये ७५ का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारत–ऑस्ट्रेलिया व्यापार करारात आपण दुधाला हात लावू दिला नाही, पण वाइनवर सवलत दिली. आपलं आयात शुल्क १५० टक्के, त्यांना हवं शून्य. मग सरळ ७५ वर का थांबले नाहीत? तडजोड म्हणजे दोघांनी अर्धं-अर्धं सोडणं ना? आणि या सगळ्यात नाशिकच्या द्राक्षवाल्याचा विचार कोणी केला की नाही?

यातला दुसरा प्रश्न मुळाशी आहे. बाजारात भाजी घेताना शंभर आणि साठच्या मध्ये ऐंशीला सौदा तुटतो, म्हणून दोन देशही तसंच करत असतील असं वाटतं. व्यापार वाटाघाटीत मधला आकडा हा शेवटचा, हतबल उपाय असतो. कामाचा भाग त्याच्या आधी होतो. एका आकड्यावरचं भांडण फोडून त्याचे पाच-सहा प्रश्न करायचे आणि मग बघायचं, कुठला प्रश्न आपल्याला महाग पडतो आणि कुठला त्यांना.

वाइनचंच उदाहरण घेऊ, कारण ते हिशेबाने पडताळून बघता येतं.

सरसकट ७५ टक्के केलं असतं तर काय झालं असतं? बंदरात उतरताना दोन डॉलर किंमत असलेली बाटली १५० टक्क्यांनी पाच डॉलरला पडते. ७५ टक्क्यांनी ती साडेतीनला पडली असती. नाशिक-सांगलीकडच्या वाइनची खरी लढाई याच स्वस्त पट्ट्यात आहे. वीस डॉलरची बाटली घेणारा माणूस स्थानिक वाइन आणि ही, अशी तुलना करत दुकानात उभा नसतो. म्हणजे मधला आकडा आपल्याला नेमका जिथे दुखतं तिथे लागला असता. मग भांडण 'किती टक्के' यावरून हलवून 'कुठली वाइन' यावर न्यायचं.

करारात तसंच झालं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीची आयात किंमत पाच डॉलरपेक्षा कमी असेल तर सवलत नाही, १५० टक्के कायम. पाच डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर करार लागू होताच शुल्क १०० टक्के आणि दहा वर्षांत उतरत ५० टक्के. पंधरा डॉलर किंवा जास्त असेल तर लगेच ७५ आणि दहा वर्षांत २५. एका आकड्याच्या जागी आता दोन उंबरठे, दोन सुरुवातीचे दर, दोन शेवटचे दर आणि एक मुदत आली. प्रत्येक जागी स्वतंत्र घासाघीस करता येते. ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्याला घरी जाऊन सांगता येतं की १५० चे २५ करून आणले. आपल्या मंत्र्याला सांगता येतं की स्वस्त वाइनला दार बंद आहे. दोघंही खरं बोलतात. तडजोड टिकण्यासाठी हे लागतंच, कारण वाटाघाटी करणाऱ्याला समोरच्याच्या बरोबरीने आपल्या घरच्यांनाही पटवायचं असतं.

आता उंबरठ्याचा एक दोष दाखवतो, कारण बातम्यांत तो येत नाही. ४.९० डॉलरच्या बाटलीवर १५० टक्के म्हणजे ७.३५ शुल्क, एकूण १२.२५. पाच डॉलरच्या बाटलीवर सुरुवातीच्या दराने १०० टक्के, एकूण दहा. महाग बाटली आयातदाराला सव्वादोन डॉलरने स्वस्त पडते. पंधराच्या उंबरठ्यावरही तेच: १४.९० ची बाटली २९.८० ला पडते आणि पंधराची २६.२५ ला. कस्टमवाल्यांची नजर एरवी किंमत कमी दाखवणाऱ्यावर असते. इथे किंमत फुगवून दाखवण्यात फायदा आहे. ४.६० चा माल बिलावर ५.०५ चा करायचा आणि फरक 'जाहिरात खर्चाच्या मदती'च्या नावाने परत फिरवायचा, ही वाट अशा रचनेत आपोआप तयार होते. म्हणून किंमत कुठल्या टप्प्यावर मोजायची हे करारातच पक्कं करावं लागतं. वाहतूक आणि विमा धरून बंदरावर पडणारी किंमत आणि कारखान्यातून निघतानाची किंमत यांत पाच डॉलरच्या बाटलीमागे सहज काही सेंटांचा फरक पडतो, आणि उंबरठ्याजवळ तेवढाच फरक निर्णायक ठरतो.

दुसरा दोष वेळेचा. उंबरठा डॉलरमध्ये ठरीव आकडा म्हणून लिहिला आणि त्याला महागाईशी जोडलं नाही, तर तो दर वर्षी आपोआप खाली सरकतो. आज ४.२० ला मिळणारी बाटली दर वर्षी अडीच टक्क्यांनी महाग होत गेली तर आठव्या वर्षी पाच डॉलर ओलांडते, आणि तोवर त्या पट्ट्यातला दरही बराच उतरलेला असतो. वाटाघाटीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष टक्क्यांवर असतं आणि ही वाढीव सवलत कुणी न मागता जाते. मसुदा तपासताना मी तरी टक्के नंतर बघतो. आधी बघतो की डॉलरचा आकडा स्थिर आहे का, आणि असेल तर तो कुणाच्या बाजूने झिजणार.

ऑस्ट्रेलियाला वाइनचा एवढा आग्रह का होता, हेही लक्षात घ्या. चीनने मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन बाटलीबंद वाइनवर ११६.२ ते २१८.४ टक्के अँटी-डंपिंग शुल्क (माल फार स्वस्तात लोटला जातोय या आरोपावरून लावलेलं जादा शुल्क) लावलं आणि त्यांची मोठी बाजारपेठ एका फटक्यात गेली (ते शुल्क मार्च २०२४ मध्ये उठलं). त्यांना नवं दार हवं होतं. शिवाय मे २०२२ मध्ये त्यांची निवडणूक होती. करारावर सही झाली २ एप्रिल २०२२ ला. भारताकडेही घाई होतीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडल्यावर आपण मोठे करार करूच शकत नाही अशी प्रतिमा झाली होती, ती पुसायची होती. घाई दोन्हीकडे असली की सौदा लवकर होतो, एकाकडेच असली की तो महागात पडतो. म्हणून 'किती ताणायचं' याचं उत्तर पुस्तकात नसतं. समोरच्याला दुसरी बाजारपेठ आहे का, त्याची निवडणूक कधी, त्याच्याकडचा कुठला गट ओरडतोय, आणि करार झालाच नाही तर आपलं काय अडतं, यावर ते ठरतं.

या वाटाघाटींचा कालक्रमही बोलका आहे. २०११ साली त्या सर्वंकष करारासाठी सुरू झाल्या, नऊ फेऱ्यांनंतर २०१६ मध्ये थांबल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू होऊन सहा महिन्यांत सहीपर्यंत आल्या. घोंगडं पाच वर्षं भिजत पडलं होतं, ते सहा महिन्यांत वाळलं कसं? ते फाडून दोन केलं. जमेल तेवढ्याचा छोटा करार आधी, उरलेलं सर्वंकष कराराच्या खात्यात. यालाही किंमत आहे. पहिल्या तुकड्यात तुम्ही हातातले चांगले पत्ते टाकून बसलात तर दुसऱ्या तुकड्यासाठी देण्यासारखं फार उरत नाही.

आता दूध. वाइन फोडता आली, दूध का नाही?

वाइनला किंमतीचे थर आहेत आणि प्रत्येक थराचं गिऱ्हाईक वेगळं आहे. दूध पावडरीला असे थर नाहीत. ऑस्ट्रेलियाची स्किम्ड पावडर आणि आपल्या दूध संघाची पावडर एकाच टाकीत विरघळते, बिस्किटवाला किंवा आइस्क्रीमवाला दोन्ही सारख्याच वापरतो. एक किलो पावडरीतून साधारण दहा-अकरा लिटर दूध होतं. म्हणजे छोटा कोटा दिला तरी त्याचा दाब थेट गावातल्या संकलन केंद्राच्या दरावर येतो, आणि तोही आपल्याकडे दूध जास्त असतं त्या हंगामात. त्यातून हा माल विकणारा माणूस दोन-चार जनावरांचा आहे. शुल्क दहा वर्षांत उतरवलं म्हणून तो दहा वर्षांत दुसऱ्या धंद्यात जात नाही. जिथे वस्तू फोडता येत नाही आणि फटका बसणाऱ्याला सावरायला वाव नाही, तिथे तडजोड शोधत बसू नये. शुल्काच्या तक्त्यातली त्या वस्तूची ओळ वगळलेल्या यादीत टाकावी आणि वगळण्याची किंमत दुसरीकडे मोजावी. भारताने सुमारे ७० टक्के शुल्क-ओळींवर सवलत दिली. बाकीच्या यादीत दूध, गहू, तांदूळ, साखर, हरभरा, सफरचंद वगैरे गेले. ऑस्ट्रेलियाने मात्र सगळ्या ओळी पाच वर्षांत शून्यावर आणायचं कबूल केलं. हे असमान दिसतं, पण त्यांचे दर आधीच पाच टक्क्यांच्या आसपास किंवा शून्य होते, त्यांना सोडायला फारसं काही नव्हतं. आकड्यांची तुलना करताना दोघं कुठल्या पायरीवर उभे होते ते बघितल्याशिवाय 'आपण कमी दिलं' किंवा 'जास्त दिलं' म्हणण्यात अर्थ नाही.

पूर्ण वगळणं आणि पूर्ण सोडणं यांच्या मध्ये कोटा असतो: ठरावीक टनांपर्यंत कमी शुल्क, त्यापुढे नेहमीचं. विदर्भातल्या वाचकांसाठी यातलं संत्र्याचं उदाहरण. संत्री आणि मँडरिन मिळून वर्षाला १३,७०० टनांपर्यंत अर्ध्या शुल्काची सवलत आहे. हा आकडा विदर्भाच्या लाखो टनांपुढे किरकोळ आहे, पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा हंगामाचा. ऑस्ट्रेलियातली तोडणी त्यांच्या हिवाळ्यात, साधारण मे ते ऑक्टोबर. आपला आंबिया बहार त्यानंतर बाजारात येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे. माल एकमेकांच्या अंगावर फारसा येत नाही. अशा वस्तूत कोटा देणं स्वस्त पडतं. मसूरला दीड लाख टनांपर्यंत अर्धं शुल्क आहे, कापसाला ५१,००० टनांपर्यंत पूर्ण माफी. कापसात शेतकऱ्याची धास्ती रास्त आहे, पण गिरणीवाल्याला लागणारा लांब धाग्याचा, कचरा कमी असलेला कापूस हा गिऱ्हाईक-फरकाचाच भाग आहे. इथे मी वाइनइतक्या खात्रीने बोलणार नाही, कारण कापसात थर असले तरी भाव एकमेकांना ओढतात.

कोट्यात बिघाड कुठे होतो? वाटपात. 'आधी येईल त्याला' असं ठेवलं तर वर्षाच्या पहिल्या काही दिवसांत सगळा माल एकदम येऊन भाव पडतो. परवाने वाटले तर परवान्याचाच बाजार होतो, आणि परवाना घेऊन माल न आणणारेही निघतात. टनांचा आकडा मिळवण्यासाठी जितका वेळ घालवता त्याच्या निम्मा तरी वाटपाच्या परिच्छेदावर घालवावा.

तारखाही सौद्याचाच भाग असतात. करार लागू झाला २९ डिसेंबर २०२२ ला. वर्ष संपायला तीन दिवस असताना कशाला? टप्प्याटप्प्याच्या कपातीत पहिला टप्पा लागू होण्याच्या दिवशी आणि पुढचा १ जानेवारीला असेल, तर डिसेंबरच्या शेवटी लागू होणारा करार तीन दिवसांत दोन कपाती देतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ही गोष्ट आपल्या निर्यातदारांना अभिमानाने सांगितली. 'दहा वर्षांत' हे शब्द वाचताना पहिलं वर्ष किती दिवसांचं आहे, हे विचारायला शिका.

भारताने बदल्यात काय मिळवलं? इथे बहुतेक टीकाकार वस्तूंच्या यादीतच शोधत राहतात. एक मोठी गोष्ट करात मिळाली. भारतीय आयटी कंपन्या भारतात बसून ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकांना जी तांत्रिक सेवा देत, त्या कमाईवर ऑस्ट्रेलिया दुहेरी करआकारणी कराराचा (एकाच कमाईवर दोन्ही देशांनी कर लावू नये यासाठीचा करार) आधार घेऊन रॉयल्टी म्हणून कर लावत असे. ते थांबवायचं व्यापार कराराच्या बाजूने दिलेल्या पत्रांतून ठरलं आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी कायदा बदलला. त्यांच्या तिजोरीला ही रक्कम लहान, कुठलाही ऑस्ट्रेलियन मतदारसंघ त्यावरून पेटत नाही. आपल्या कंपन्यांना मात्र ती दर वर्षी बोचणारी. त्यांच्यासाठी स्वस्त आणि आपल्यासाठी महाग अशी गोष्ट शोधणं, हे मधल्या आकड्यापेक्षा कितीतरी फायद्याचं काम आहे. वर्षाला १,८०० भारतीय आचारी आणि योगशिक्षकांना तात्पुरत्या प्रवेशाची सोयही त्याच जातीची. लोक तिची थट्टा करतात, पण देणाऱ्याला जड न जाणारी सवलत अशीच दिसते.

आकडेच नसतील तेव्हा तडजोड शब्दांत करावी लागते, आणि ती जास्त धोक्याची. जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद, दोहा, नोव्हेंबर २००१: गुंतवणूक, स्पर्धा धोरण, सरकारी खरेदी आणि व्यापार सुलभीकरण (सीमेवरची कागदपत्रं आणि प्रक्रिया सोपी करणं) या चार विषयांवर वाटाघाटी हव्यात असा युरोपचा आग्रह होता आणि भारताचा ठाम नकार. जाहीरनाम्यात वाक्य असं बसवलं की पुढच्या परिषदेनंतर वाटाघाटी होतील, पण त्या परिषदेत 'स्पष्ट सहमतीने' घ्यायच्या निर्णयाच्या आधारे. युरोपने वाचलं 'वाटाघाटी होतील', भारताने वाचलं 'स्पष्ट सहमती'. दोघं होकार देऊन घरी गेले. २००३ च्या सप्टेंबरमध्ये कानकुनला याच वाक्याचा अर्थ लावताना परिषद मोडली, आणि २००४ च्या जुलैमध्ये चारपैकी तीन विषय सोडून दिले गेले. व्यापार सुलभीकरण तेवढं राहिलं. संदिग्ध वाक्याने भांडण मिटत नाही, पुढे ढकललं जातं. पुढे ढकलल्यावर वेळ कुणाच्या बाजूने चालते याचा अंदाज असेल तरच असं वाक्य घ्यावं. तेव्हा ती भारताच्या बाजूने चालली.

क्रियापदांकडेही असंच बघायचं. आइसलँड, लिश्टेनश्टाइन, नॉर्वे, स्वित्झर्लंड या चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेल्या करारातली १०० अब्ज डॉलर गुंतवणूक मथळ्यांत 'हमी' म्हणून आली. करारातलं क्रियापद मात्र उद्दिष्ट ठेवण्याचं आहे: पहिल्या दहा वर्षांत ५० अब्ज, पुढच्या पाच वर्षांत आणखी ५०. ती फसवणूक नव्हे. खासगी कंपन्यांचा पैसा कुठलंही सरकार हमीने देऊ शकत नाही, म्हणून त्याहून कडक शब्द मिळणं शक्यच नव्हतं. पण वाचताना 'करतील' आणि 'करण्याचं उद्दिष्ट ठेवतील' यांतलं अंतर मोजून घ्यावं.

सूट देणाऱ्या कलमांत अटी कशा बसतात, त्याचा नमुना बालीचा. डिसेंबर २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत ठरलं की अन्नसुरक्षेसाठी आधारभूत किमतीने धान्य साठवताना अनुदान १० टक्क्यांची मर्यादा ओलांडलं तरी त्याविरुद्ध तक्रार करायची नाही. पण ही सूट त्या तारखेला अस्तित्वात असलेल्या योजनांनाच, आणि आकडेवारी वेळेवर कळवण्याच्या अटीवर. शिवाय ती कायमचा तोडगा २०१७ पर्यंत निघेल या गृहीतावर होती. तोडगा निघाला नाही तर काय, यावर २०१४ च्या जुलैमध्ये भारताने अडून बसून व्यापार सुलभीकरण करार रोखला, आणि नोव्हेंबरमध्ये सुधारित शब्द मिळवले: कायमचा तोडगा निघेपर्यंत सूट चालू. मूळ मर्यादा, जुन्या किमतींवरचा हिशेब, अटी, सगळं तसंच राहिलं. बदलला फक्त शेवटच्या तारखेचा मुद्दा, आणि तो एकच पुरेसा ठरला.

नाशिकबद्दल विचारलंत म्हणून शेवटी त्याकडे येतो. केंद्राने सीमाशुल्क उतरवलं तरी बाटली दुकानात पोचेपर्यंत राज्याचा कर लागतो, आणि दारूवरचा उत्पादन शुल्काचा अधिकार राज्याचा आहे. महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून राज्यात तयार होणाऱ्या वाइनला त्यात सवलत दिलेली आहे. समोरचा देश वाटाघाटीत हा विषय काढतोच, आणि दिल्लीचं ठरलेलं उत्तर असतं की तो राज्यांचा प्रश्न आहे. हे उत्तर खरंही आहे आणि सोयीचंही. द्राक्ष बागायतदाराने आयात शुल्काच्या बातम्यांपेक्षा दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. राज्याची सवलत वेळेवर हातात पडते का, आणि दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांच्या २२०४.२१ या सीमाशुल्क शीर्षाखाली येणाऱ्या मालाची प्रतिबाटली किंमत कुठे गोळा होते. आयात पाच ते साडेपाच डॉलरच्या अरुंद पट्ट्यात दाटायला लागली, तर समजा की बिलं उंबरठ्याच्या मापाने शिवली जाताहेत. अशा वेळी नुसतं निवेदन देऊन भागत नाही. महिन्यागणिक आकडे घेऊन वाणिज्य मंत्रालयाकडे आणि कस्टमच्या मूल्यांकन शाखेकडे जावं लागतं, आणि तेही संघटनेमार्फत. एकट्याच्या पत्राची फाइल फारशी हलत नाही.